‘घाट’ या शब्दाचा अर्थ आणि त्याचा ऐतिहासिक उपयोग

जुने कागद वाचताना कठीण शब्द अभ्यासकाला सहसा फसवीत नाहीत. जो शब्द कळत नाही, तो कळत नाही एवढे तरी ठाऊक असते. आपण कोश उघडतो, जाणत्यास विचारतो आणि मार्ग काढतो. फसवितात ते सोपे शब्द. आजही ते आपल्या तोंडी असतात, म्हणून त्यांचा अर्थ आजचाच असणार असे आपण गृहीत धरतो. ‘घाट’ हा अशा शब्दांपैकी एक होय. ‘फौज घाटाखाली उतरली’, ‘घाटावरील मुलूख’, ‘घाटाची जकात’ असे प्रयोग पुढे आले की आजच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे नकाशावरील ‘पश्चिम घाट’ ही उत्तरदक्षिण पसरलेली पर्वतरांग उभी राहते. वस्तुतः या तीन प्रयोगांत ‘घाट’ शब्दाचे अर्थ एक नाहीत, आणि त्यांपैकी एकाचाही अर्थ ‘पर्वतरांग’ असा नाही. हा शब्द मुळात कशाचा वाचक होता, त्याचा अर्थ कसकसा सरकत गेला आणि त्यामुळे इतिहासलेखनात कोणता घोटाळा संभवतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

प्रथम एक वेगळा अर्थ बाजूस काढून ठेवला पाहिजे. ‘घाटदार भांडे’, ‘देवळाचा घाट’ किंवा ‘लग्नाचा घाट घातला’ या प्रयोगांतील ‘घाट’ म्हणजे घडण, आकार किंवा योजना. त्याचा संबंध घडविणे या अर्थाच्या ‘घट्’ धातूशी आहे. येथे विचार करावयाचा तो ‘घाट’ संस्कृत ‘घट्ट’ या शब्दाशी नाते सांगणारा. ‘घट्ट’ म्हणजे नदीत उतरण्याची जागा, नावेने पैलतीरी जाण्याचे ठिकाण, स्नानाच्या पायऱ्या. वाई, नाशिक, पैठण, पंढरपूर येथील नदीकाठच्या बांधकामांना आपण घाट म्हणतो तो याच अर्थाने.

‘घट्ट’ या शब्दाला उतरण्याबरोबरच आणखी एक अर्थच्छटा फार जुन्या काळापासून चिकटलेली आहे. ती म्हणजे जकातीची. संस्कृत शास्त्रग्रंथांत ‘घट्टकुटीप्रभातन्याय’ या नावाचा एक लौकिक न्याय येतो. जकात चुकविण्यासाठी एक व्यापारी रात्रभर आडमार्गाने भटकत राहतो, आणि उजाडल्यावर पाहतो तो जकातीच्या झोपडीसमोरच येऊन उभा राहिलेला असतो. जी अडचण टाळावयाची तीच वादात पुन्हा समोर आली की शास्त्रकार या न्यायाचा दाखला देतात. त्यांचे प्रयोजन तार्किक असले तरी इतिहासाच्या अभ्यासकाला त्यातून एक गोष्ट अनायासे कळते. ‘घट्ट’ हे लोकांना टाळता न येणारे ठिकाण होते. तेथून जावेच लागे, आणि म्हणूनच तेथे राजाचा माणूस बसलेला असे.

नदीचा घाट आणि डोंगराचा घाट यांत साम्य कोणते, असा प्रश्न विद्यार्थी पुष्कळदा विचारतात. उत्तर सरळ आहे. दोन्ही ठिकाणी वरची भूमी आणि खालचा तळ यांच्यामध्ये एक अवघड उतरण असते, आणि त्या उतरणीवरून माणसाला व जनावराला जाता यावे अशी एक जागा निसर्गाने किंवा मनुष्याने सिद्ध केलेली असते. ती जागा म्हणजे घाट. नदीची सगळी दरड म्हणजे घाट नव्हे. जेथून पाण्याशी उतरता येते तेवढाच घाट. त्याचप्रमाणे डोंगराची सगळी भिंत घाट नव्हे. जेथून खाली उतरता येते तेवढाच घाट. मुळात हा शब्द उताराचा वाचक खरा, पण जाण्यायोग्य उताराचा.

२

हा अर्थ नीट ध्यानात यावयाचा तर डोंगराच्या चढउतारांना मराठीत असलेल्या इतर शब्दांच्या शेजारी ‘घाट’ ठेवून पाहिला पाहिजे. ज्या उभ्या उतारावरून जाता येत नाही त्याला मराठीत ‘कडा’ म्हणतात. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा प्रसिद्धच आहे. गुन्हेगारास कड्यावरून लोटून देण्याच्या शिक्षेला ‘कडेलोट’ असे नाव होते. ‘घाटलोट’ असा शब्द भाषेत नाही आणि असणे शक्यही नाही. रायगडावरील हिरकणीची कथा आख्यायिका म्हणूनच घ्यावयाची. पण तिचे सगळे मर्म या भेदावर उभे आहे. दरवाजे बंद झाल्यावर ती गौळण वाट नसलेल्या कड्यावरून उतरली. वाट असती, तर कथा उरलीच नसती.

ज्या उतारांवरून जाता येते त्यांच्यातही भाषेने तरतम केलेले आहे. दोन डोंगरांमधील अरुंद फट ती ‘खिंड’. पावसाळी ओढ्याच्या घळीतून उतरणारी वाट ती ‘नाळ’. रायगडाच्या परिसरातील बोराट्याची नाळ हे तिचे उदाहरण. शिडीसारखी उभी वाट ती ‘निसणी’. या शब्दात संस्कृत ‘निःश्रेणि’ स्पष्ट दिसते. उत्तरेकडे, विशेषतः बागलाण व खानदेशात, डोंगर ओलांडण्याच्या जागेला ‘बारी’ म्हणतात. १६७० साली सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर परतताना शिवाजी महाराजांची दाऊदखानाशी जी लढाई झाली, तिच्या संबंधात कांचनबारीचे नाव येते. या सर्वांत ‘घाट’ हा मोठ्या वहिवाटीचा शब्द. नाळेने मोळीविका किंवा गुराखी उतरेल, निसणीने हात मोकळे असलेला माणूस उतरेल. घाटाने मात्र लादलेला बैल उतरला पाहिजे. कोकणातील मीठ, तांदूळ व नारळ वर आणि देशावरील धान्य, गूळ व तेल खाली, असा व्यापार बैलांच्या पाठीवरून चाले. म्हणून जकातीची चौकी नाळेवर नसे, घाटावर असे. ‘घाटपांडे’ या आडनावात घाटावरील हिशेब राखणाऱ्या वतनदाराची खूण अद्याप टिकून आहे.

या शब्दांचा काटेकोरपणा एका प्रसंगाने स्पष्ट होईल. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाने पाठविलेला कारतलबखान कोकणात उतरू पाहत असता शिवाजी महाराजांनी त्यास गाठले. हा प्रसंग कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात सविस्तर आला आहे. खान लोणावळ्याजवळील कुरवंडे घाटाने उतरला आणि उंबरखिंडीत कोंडला गेला. येथे घाट आणि खिंड हे शब्द एकमेकांच्या जागी वापरून चालणार नाही. घाट ही उतरणीची सगळी वाट आहे. फौज तिच्यावरून खाली आली, म्हणजे माघारी फिरणे अवघड झाले. खिंड ही त्या वाटेपुढील अडचणीची जागा आहे. तेथे फौजेला पसरता आले नाही. लढाईचा निकाल या दोन गोष्टींच्या संयोगाने लागला. जो लेखक दोहोंचे भाषांतर एकाच शब्दाने करतो, त्याला लढाईचे वर्णन करता येते, पण तिचे कारण सांगता येत नाही.

३

मग त्या पर्वताचे नाव काय होते? ते नाव ‘सह्य’ किंवा ‘सह्याद्री’. पुराणांतील सात कुलपर्वतांच्या यादीत महेंद्र, मलय, सह्य, शुक्तिमान, ऋक्ष, विंध्य व पारियात्र अशी नावे येतात. याहून निश्चित पुरावा शिलालेखाचा आहे. नाशिक येथील लेण्यांत वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षाचा, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील लेख आहे. त्यात गौतमीपुत्र सातकर्णी ज्या पर्वतांचा स्वामी होता त्यांची नावे दिली असून त्यांत विंध्य, पारियात्र, मलय व महेंद्र यांच्याबरोबर सह्याचेही नाव आहे. राजाच्या प्रशस्तीत पर्वत येतो तो ‘सह्य’ म्हणून. त्याच सातवाहनांचा नाणेघाटातील लेख मात्र एका वाटेवर कोरलेला आहे. जुन्नरहून कल्याण व सोपारा या बंदरांकडे जाणारी रहदारी त्या वाटेने चाले. पर्वत वेगळा, पर्वतावरील वाट वेगळी, आणि दोहोंना शब्दही वेगळे, अशी ही स्वच्छ व्यवस्था होती.

४

ही व्यवस्था बिघडली ती इंग्रजांमुळे, असे सांगण्याचा मोह होतो. परंतु पुरावा इतके सरळ उत्तर देऊ देत नाही. इंग्रजांच्या पूर्वीच फारसी दफ्तराने ‘घाट’ शब्दाला एक नवा अर्थ दिलेला होता. मोगली अंमलात वऱ्हाडचे दोन भाग मानले जात, ‘बालाघाट’ व ‘पाईनघाट’. फारसीत बाला म्हणजे वरचा आणि पाईन म्हणजे खालचा. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील सखल प्रदेश हा पाईनघाट, आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा, वाशीम, यवतमाळ या बाजूचा उंच प्रदेश हा बालाघाट. दक्षिणेत कर्नाटकाचेही असेच दोन भाग होते; अर्काटचा नबाब हा कर्नाटक पाईनघाटाचा नबाब म्हणविला जाई.

या उदाहरणांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, वऱ्हाडातील या ‘घाटा’चा सह्याद्रीच्या मुख्य धारेशी संबंध नाही, तेथील घाट अजिंठ्याच्या रांगेचा आहे. अर्थात ‘घाट’ हे एका पर्वताचे विशेषनाम नसून कोठेही लागू पडणारे सामान्यनाम होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. येथे ‘घाट’ म्हणजे एखादी विशिष्ट वाट नव्हे. वरचा मुलूख आणि खालचा मुलूख यांना विभागणारी सगळी उतरण, म्हणजे भूमीची पायरी, असा त्याचा अर्थ झाला आहे. वाटेचा शब्द काठाला लागला.

लोकभाषेतही हाच प्रवास झाला. कोकणातील मनुष्य ‘घाटावर गेला’ म्हणतो तेव्हा तो वाटेवर उभा आहे असे कोणी समजत नाही. तो देशावर गेला, मग तो कोल्हापुरास असो की सोलापुरास. कन्नड भाषेतही किनाऱ्यावरील लोक ‘घट्टद मेले’ व ‘घट्टद केळगे’, म्हणजे घाटाच्या वर व घाटाच्या खाली, असेच म्हणतात. खालून पाहणाऱ्याला समोरची सगळी भिंत आणि तिच्या पलीकडचा सगळा मुलूख हा त्या वाटेच्या नावानेच ओळखीचा होतो, कारण त्याचा त्या मुलखाशी संबंध वाटेपुरताच येतो.

५

पोर्तुगीज समुद्राकडून आले, म्हणजे त्यांनी ही भूमी खालून पाहिली. जुआंव द बार्रुश याच्या १५५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासग्रंथात हा शब्द पर्वतरांगेचा वाचक म्हणून आला आहे. पुढे इंग्रजांनी तो त्याच अर्थाने घेतला आणि नकाशांवर रूढ केला. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात या चुकीची उपपत्ती दिली आहे. त्यांच्या मते, देशी लोक घाटावरचा मुलूख आणि घाटाखालचा मुलूख असे बोलत. ते ऐकून परकीयांचा समज झाला की मधल्या पर्वताचेच नाव घाट. ही उपपत्ती प्रस्तुत लेखकास ग्राह्य वाटते. मात्र तिला वर सांगितलेली पुस्ती जोडली पाहिजे. परकीयांनी शून्यातून चूक केली नाही. वाटेवरून काठापर्यंत शब्द आधीच सरकलेला होता. त्यांनी त्यास काठावरून पर्वतापर्यंत नेले.

वाटेचे नाव पर्वताला मिळणे ही गोष्ट केवळ परकीयांच्या हातून घडते असेही नाही. बागलाणातील सेलबारी व डोलबारी ही नावे मुळात बाऱ्यांची, म्हणजे वाटांची; आज ती डोंगररांगांची नावे म्हणून प्रचारात आहेत. तेव्हा दोष देण्यापेक्षा प्रक्रिया समजून घेणे श्रेयस्कर.

तरीही एक भेद राहतोच. सेलबारीने दुसरे कोणते नाव पुसले नाही. ‘पश्चिम घाट’ या नावाने सह्याद्रीस दुय्यम केले. आणि एकदा ‘पश्चिम घाट’ म्हटल्यावर समोर ‘पूर्व घाट’ हवाच, म्हणून पूर्वेकडील तुटक डोंगरांनाही तेच नाव देऊन जोडी पुरी करण्यात आली. पश्चिमेस पठाराचा जसा सलग व उभा काठ आहे तसा पूर्वेस नाही. तेथे नद्यांनी जागोजाग फोडलेले डोंगर आहेत. दोन भिन्न भूरूपे केवळ शब्दसाम्याने जुळी भासू लागली.

६

एकोणिसाव्या शतकात शब्दाला आणखी एक वळण मिळाले. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता तयार झाला आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो खुला केला. १८६३ साली त्याच घाटातून लोहमार्ग सुरू झाला व १८६५ साली थळघाटातून. या लोहमार्गांचा अधिकात अधिक चढ ३७ फुटांस १ फूट इतका ठेवलेला आहे. येथे घाटाचे गमक बदलले. पूर्वी लादलेला बैल उतरू शकेल तो घाट. आता चाक चढू शकेल तो घाट. बोरघाटात शिंगरोबाचे स्थान आहे. लोहमार्गाची दिशा साहेबांना एका धनगराने दाखविली अशी आख्यायिका त्याच्याविषयी सांगतात. ती ऐतिहासिक पुरावा म्हणून घेता येत नाही. परंतु नव्या मोजणीच्या घाटाखाली जुन्या पायवाटेचा घाट आहे, ही लोकांची जाणीव तीत व्यक्त झाली आहे एवढे निश्चित. आज ‘घाट लागला’ असे प्रवासी म्हणतो तेव्हा त्याच्या मनात वळणांचा मोटाररस्ता असतो; ज्या जुन्या घाटांना मोटाररस्त्याचे भाग्य लाभले नाही, ते गिर्यारोहकांच्या ‘घाटवाटा’ होऊन राहिले आहेत. ‘घाटवाट’ हा जोडशब्दच बोलका आहे. घाट म्हणजे वाट हे विसरले गेले, म्हणून त्यास वाट शब्द पुन्हा जोडावा लागला.

याच काळात मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत देशावरून कामकरी लोक आले आणि ‘घाटी’ हा शब्द रूढ झाला. अर्थ एवढाच की घाटावरचा मनुष्य. पण शहरात कष्टाच्या कामाशी तो जोडला गेला आणि त्यात तुच्छता शिरली. गोव्यातही ‘घांटी’ शब्दास तशीच छटा आहे. गंमत अशी की, मुंबईत पुढे पुढे मराठी बोलणाऱ्या सर्वांनाच हा शब्द सरसकट लावला जाऊ लागला, आणि त्यात कोकणातील मनुष्यही सापडला, ज्याने तो शब्द वरच्या लोकांसाठी वापरला होता. दिशा सांगणारा शब्द जात सांगू लागला, आणि शेवटी दिशाही विसरला.

७

हा सर्व खटाटोप केवळ शब्दचर्चेपुरता आहे असे कोणी समजू नये. शब्दाची सीमा ठरविण्याचा प्रसंग आपल्या काळातही आला आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली पश्चिम घाटाविषयी अहवाल दिला, तेव्हा पश्चिम घाट म्हणजे कोठून कोठपर्यंत, हे तिला आधी ठरवावे लागले. पूर्वेच्या बाजूस ५०० मीटरवरील आणि पश्चिमेच्या बाजूस १५० मीटरवरील वनाच्छादित भूमी अशी कसोटी तिने घेतली. क्षेत्र आले १,२९,०३७ चौरस किलोमीटर. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने २०१३ साली पश्चिम घाट विकास कार्यक्रमातील तालुक्यांचा आधार घेतला. क्षेत्र आले १,६४,२८० चौरस किलोमीटर. नाव एक, पर्वत एक, आणि दोन मोजण्यांत ३५,००० चौरस किलोमीटरांहून अधिक अंतर. हे अंतर मोजणाऱ्यांच्या निष्काळजीपणाचे नाही. जो शब्द मुळात वाटेचा, मग काठाचा, मग रांगेचा आणि मग वरच्या मुलखाचा झाला, त्याला एकच रेषा मागितली की ती कसोटीप्रमाणे बदलणारच. या रेषेच्या आत कोणते गाव येते यावर तेथे खाण निघेल की नाही हे अवलंबून असते, म्हणजे गावकऱ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न कोशाचा नाही.

हवामानखात्याचे इशारे मात्र वेगळ्याच अर्थाने चालतात. पुणे किंवा सातारा जिल्ह्याच्या ‘घाट भागात’ अतिवृष्टी होईल असे ते सांगतात, तेव्हा अभिप्रेत असते ती काठाची अरुंद पट्टी. तेथे शब्द जवळजवळ बालाघाट-पाईनघाटाच्या अर्थाशी परत आला आहे.

८

सारांश, जुन्या कागदांत ‘घाट’ शब्द आला असता वाचकाने त्यास तीन प्रश्न विचारावेत. त्याच्याशी उतरणे, चढणे, जकात, चौकी, बैल यांपैकी काही जोडलेले आहे काय? असल्यास तो घाट म्हणजे वाट; ती कोणती, हे शोधले पाहिजे. त्याला वर किंवा खाली असा प्रत्यय वा विशेषण आहे काय? असल्यास तो घाट म्हणजे दोन मुलखांमधील काठ. मग लिहिणारा वर उभा आहे की खाली, हे पाहिले पाहिजे. आणि तो पर्वताचे विशेषनाम म्हणून आला आहे काय? तसे असल्यास कागद परकीय पाहणीच्या छायेतील आहे किंवा अलीकडचा आहे अशी शंका घेण्यास जागा आहे. जुन्या परंपरेत त्या अर्थी ‘सह्याद्री’ हा शब्द उपलब्ध होता.

यांतील दुसरा प्रश्न आपण फार क्वचित विचारतो. ‘घाट’ हा शब्द जवळजवळ नेहमी कोणीतरी कोठेतरी उभे राहून उच्चारलेला असतो. कोकणातल्या खोताचा घाट वर आहे, मावळातल्या देशमुखाचा घाट खाली उतरतो, आणि जकातदाराचा घाट त्याच्या पायांखाली आहे. नकाशावरचा पश्चिम घाट यांपैकी कोणीच पाहिलेला नव्हता.